सेंद्रियभाऊ

सिडकोतल्या आमच्या कॉलनीत सकाळी भाजीची गाडी थांबते, तेव्हा पहिला प्रश्न भावाचा नसतो.

"युरियाची नाही ना?"

"नाही हो भाऊ, घरची आहे."

मेथी जाधववाडीच्या मंडईतून आलीय, हे त्याला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं. भाऊ मात्र जुडी नाकाशी धरून डोळे मिटतात आणि म्हणतात, "वासच सांगतो."

हे आमचे सेंद्रियभाऊ. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. असा गृहस्थ हल्ली प्रत्येक कॉलनीत निघतो. दोन निघाले तर त्यांचं आपसात पटत नाही, कारण एकाच्या तुपाविषयी दुसऱ्याला शंका असते.

1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या शेड उभ्या राहिल्या. तिथल्याच एका पेंट शॉपमध्ये भाऊंची तीस वर्षं गेली. थिनरच्या वासातच डबा उघडायचा, थिनरच्या वासातच झाकायचा. कधी तक्रार नाही. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांना केमिकलचा तिटकारा आला. आता घरात लाकडी घाण्याचं करडीचं तेल, शेणखतावरची ज्वारी, अढीतलाच केसर आंबा. पिवळाधमक गूळ दिसला की "हायड्रोस!" म्हणून असे मागे सरतात, जणू ढेपेखालून साप निघाला. (त्यांची सगळीच भीती खोटी नाही. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. पण काळा गूळ चढ्या भावाने खपतो, हे ओळखण्याइतका दुकानदारही हुशार असतो.)

नळाला पाणी येतं, त्या दिवशी भाऊ हौदात तुरटी फिरवतात.

"भाऊ, हे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट आहे."

"नाही सर, ही तुरटी आहे."

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. ही सवय सुटत नाही. समोर फळा नसला तरी माणूस असतोच. एका संध्याकाळी भाऊंनी मला सैंधवाचं पाकीट दाखवलं. त्यावर ठळक अक्षरांत 'ऑरगॅनिक' छापलेलं. मला राहवलं नाही.

म्हटलं, भाऊ, सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय. जिवंत शरीरात जे तयार होतं, ते जीवशक्तीशिवाय बनूच शकत नाही, अशी जुन्या रसायनतज्ज्ञांची समजूत होती. 1828 साली व्होलर नावाच्या जर्मनाने अमोनियम सायनेट तापवलं आणि भांड्यात युरिया मिळाला. जो पदार्थ तोवर मूत्रातून मिळायचा, तो मूत्राशिवाय हातात आला! समजूत गेली, नाव राहिलं. आता चारदोन अपवाद सोडले तर कार्बनची संयुगं ती सगळी सेंद्रिय.

"म्हणजे?"

"म्हणजे युरिया सेंद्रिय. रॉकेल सेंद्रिय, प्लास्टिकची पिशवी सेंद्रिय. थिनरसुद्धा. तीस वर्षं तुम्ही सेंद्रिय हवेतच होता. आणि हे सैंधव मात्र असेंद्रिय. ह्यात कार्बनचा मागमूस नाही."

भाऊंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या कुलदैवताला नावं ठेवली. पाकीट पिशवीत टाकून निघून गेले. चार दिवस फाटकाशी नमस्कार नाही. बायको म्हणाली, "खरं बोलायची एवढी काय घाई होती? आता काकवी बंद." त्यांच्या घरून आम्हाला दर हिवाळ्यात काकवीची बाटली यायची. शेतकरी सेंद्रिय म्हणतो तेव्हा त्याला कारखान्यातल्या खत-औषधाविना पिकवलेलं म्हणायचं असतं, आणि तो अर्थही चांगला रुळलेला आहे, हे मला त्या संध्याकाळी आठवायला हवं होतं. पण काकवी जायची वेळ आली तेव्हा आठवलं.

पाचव्या दिवशी सकाळीच भाऊ नातवाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन हजर. नववा धडा उघडून माझ्यासमोर धरला : 'कार्बनी संयुगे'.

"सर, हे काय? तुमच्या लोकांनी सेंद्रिय शब्द सोडला की!"

"तसं अगदी सोडला असं नाही, पण…"

"धड्याचं नाव वाचा. आता तुमचं ते कार्बनी. मग झालं तर! सेंद्रिय आमच्याकडे राहू द्या, युरिया तुम्ही ठेवा."

इतकी स्वच्छ वाटणी मी भावाभावांतही पाहिलेली नाही. मी मान डोलावली. भाऊंनी काकवीची बाटली ओट्यावर ठेवली. तेवढ्यात बाहेर गाडीवाल्याची आरोळी आली आणि भाऊ लगबगीने फाटकाकडे गेले. नवा शब्द हाताशी होताच.

"काय रे, मेथी कार्बनी नाही ना?"

"नाही हो भाऊ, घरची आहे."