तळघरातला रसिक

ब्रिटिश म्युझियममध्ये आफ्रिका तळघरात आहे, पंचवीस नंबरच्या दालनात. प्रवेश फुकट असल्याचं मुलाने सांगितलं आणि मला आफ्रिकन कलेची ओढ लागली. आदल्या रात्री मोबाइलवर थोडं वाचूनही ठेवलं. तयारी केल्याशिवाय सहज म्हणून काही बोलता येत नाही.

वाट अडवली ती देणगीपेटीने. तिकीट कसं सरळ असतं: पैसे मोजले, आत गेलो, आवडलं नाही तर नावं ठेवायचा हक्कही वसूल. पेटी काही मागत नाही, नुसती समोर उभी राहते. नेमका तिथेच मला फोन येतो. नाहीतर मी छत न्याहाळतो. इथलं काचेचं छत खास त्यासाठीच बांधलं असावं. देवळात बरं असतं. नाणं पडल्याचा आवाज देवाला आणि मागच्या रांगेला एकदमच पोचतो. इथे नोट टाकायची, आणि नोटेला आवाज नाही. कुणाला ऐकूच न जाणारं दान करायचं तरी कशाला? आता तर कार्ड टेकवायचीही सोय केलीय, म्हणजे सुट्टे नसल्याची सबबही गेली. मी पाकीट काढलं, भावपूर्ण मुद्रेने उघडलं, मिटलं आणि जिना उतरलो.

खाली हात मागे बांधून कलावंत एल अनात्सुईंच्या भल्यामोठ्या झळाळत्या वस्त्रासमोर उभा राहिलो. “काय पोत आहे!” असं म्हणालो. ही जवळ जाऊन म्हणाली, “अहो, दारूच्या बाटल्यांवरचे पत्रे आहेत. तारेने जोडलेत.” ते रात्री वाचायचं राहिलं होतं.

बेनिनच्या राणी इदियाच्या हस्तिदंती मुखवट्यापाशी मात्र माझी तयारी पक्की होती. सोळाव्या शतकातला, जेमतेम वीतभर. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या जडवलेल्या, पापण्या जड, आणि माथ्यावर झालरीसारखी दाढीवाल्यांची इवली डोकी.

“हे पोर्तुगीज,” मी म्हणालो.

“आपल्या गोव्यातलेच?”

“तेच. तिथेही पोचले होते.”

शेजारी बेनिनच्या राजवाड्याच्या खांबांवरचे पितळी पत्रे दांड्यांवर लावलेत. त्यांवर राजा, सरदार, शिंग फुंकणारे. कडांना खिळ्यांची भोकं अजून दिसतात. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातलं हे बेनिन शहर लुटलं आणि हजारो वस्तू उचलल्या. १९५० च्या सुमारास आणि पुढेही म्युझियमने यातले काही पत्रे ‘जादा’ म्हणून विकले. गिऱ्हाइकांत खुद्द नायजेरिया होता. १९७७ च्या लागोसमधल्या महोत्सवासाठी नायजेरियाने हाच मुखवटा नुसता उसना मागितला, तर उत्तर मिळालं की नाजूक आहे, प्रवास सोसणार नाही. परत मागितलं तर संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला आडकाठी करणारा १९६३ चा कायदा पुढे करतात.

इथे माझी रसिकता संपली. मला खरोखर राग आला. ज्याच्या भिंतीवरून काढलं त्यालाच विकायचं, आणि साऱ्या जगाला सांगायचं की या, प्रवेश मोफत! “वाघनखंसुद्धा २०२४ साली साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, लंडनच्याच दुसऱ्या म्युझियममधून!” आवाज चढला असावा, कारण रखवालदार दोन पावलं पुढे आला.

“अहो,” ही म्हणाली, “आणि आपली मेणवलीची घंटा?”

मेणवली आमच्या वाईला लागूनच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि ती कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाशेजारी टांगलेली आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती मी स्वतः नेऊन दाखवतो, जणू वसई मीच घेतली होती.

“ते वेगळं,” मी म्हणालो. “एक तर आपण ती इतकी वर्षं नीट सांभाळलीय. शिवाय एवढी जड वस्तू हलवायची म्हणजे तडा जायची भीती. आणि कुणीही यावं, बघावं. एक पैसा घेतो का आपण?”