स्थळ आणि संदर्भ

पदवीच्या मुलांना निबंधलेखन शिकवताना संदर्भांचा विषय निघाला, की भर सकाळी वर्गावर दुपारची पेंग उतरते. निबंधाच्या तळाशी बहुधा एकच ओळ असते, ‘संदर्भ : इंटरनेट’. वाऱ्यावर आलेली गोष्ट वाऱ्याच्याच नावावर लावून मुलं मोकळी होतात. हल्ली मात्र ही यादी भरघोस झाली आहे. यंत्राला विचारलं की ते लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठांक असं सगळं टापटिपीनं मांडून देतं. फक्त एखादं पुस्तक कुणी लिहिलेलंच नसतं. जन्माला न आलेल्या मुलाची पत्रिका हाती यावी आणि छत्तीसच्या छत्तीस गुण जुळावेत, तसं काहीसं.

पत्रिकेवरून आत्या आठवली. शिक्षण चौथीपर्यंत, माहिती-साक्षरता वगैरे शब्द तिच्या कानांवरूनही गेले नव्हते. पण घरात स्थळ सांगून आलं, की मध्यस्थाला चहा द्यायची, त्याचं सगळं ऐकून घ्यायची आणि बाजूला ठेवायची. लग्न जमण्यात त्याचा रस, म्हणून. मग मुलाच्या चाळीतला शेजारी, मूळ गावचं कुणी आणि कचेरीतला सहकारी अशी एकमेकांना न ओळखणारी तीन माणसं गाठायची. दोघांनी तेच वाक्य शब्दशः सांगितलं, तर पानाला चुना लावता लावता म्हणायची, “पढवलेत रे!” आम्ही सत्रभर जे शिकवतो ते तिनं एवढ्यात उरकलेलं असे.

परवा वर्गात शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ नेली. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांच्या या नोंदी त्यांनी संगणक नसताना, ग्रंथालयं पालथी घालून, जमेल तितकी पुस्तकं स्वतः हाताळून केल्या, असं मी भारावून सांगत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, त्यांनी स्वतः हाताळली कशावरून?”

वर्ग चपापला. मला मात्र भरून आलं. आत्यानं तिला शेजारी बसवून पान दिलं असतं. वाटेवर भेटणाऱ्या हजारोंना आपण नुसता नमस्कार करतो. चौकशी करतो ती ज्याला घरात घ्यायचं त्याची. म्हणजे माझं बोलणं वर्गातच सोडून न जाता घरी न्यावं, असं निदान एकीच्या तरी मनात आलं होतं.