तीस कोटी कॅन आणि एक अल्बम

मार्च 2008 मध्ये डॉ. पेपर या अमेरिकी थंड पेयाच्या कंपनीने एक पैज लावली. गन्स अँड रोझेस या रॉक बँडचा ‘चायनीज डेमोक्रसी’ हा अल्बम याच वर्षी बाजारात आला, तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. म्हणजे सुमारे तीस कोटी कॅन! वगळले होते फक्त दोघे, बँड सोडून गेलेले गिटारवादक स्लॅश आणि बकेटहेड. कंपनीला उधळपट्टीचा झटका आला होता असं कुणी समजू नये. सूर्य पश्चिमेला उगवला तर गावजेवण घालीन, असं म्हणणाऱ्या सावकाराला आचारी ठरवून ठेवावा लागत नाही.

गायक ॲक्सल रोझचं पुनरागमन तोवर एक तपाहून अधिक काळ ‘झालंच, आता होतंय’ या अवस्थेत होतं. याच माणसाच्या बँडने 1987 मध्ये ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ने धुमाकूळ घातला आणि 1991 मध्ये एकाच दिवशी दोन अल्बम काढले. त्या दिवशीची घाई त्याला पुढे जन्मभर पुरली असावी. 1993 मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला आणि मग सामसूम. 1996 मध्ये स्लॅश गेला, बाकीचेही बहुतेक जण एकेक करून पांगले. नाव मात्र रोझकडे राहिलं. एकत्र कुटुंब मोडल्यावर एका भावाने दारावरची पाटी तेवढी सांभाळावी, तसं.

मग सुरू झालं काम. रेकॉर्ड कंपनीने 1998 च्या सुमारास रोझला दहा लाख डॉलर दिले आणि मार्च 1999 पर्यंत अल्बम हातात ठेवलास तर आणखी दहा लाख देऊ, असं कबूल केलं. ते दुसरे दहा लाख वाचले. बाकी काहीच वाचलं नाही. 2005 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेब मांडला, तेव्हा खर्च एक कोटी तीस लाख डॉलरांवर गेला होता आणि अल्बमचा पत्ता नव्हता.

पैसा जात कुठे होता? बकेटहेड डोक्यावर तळलेल्या कोंबडीची रिकामी बादली उपडी घालून गिटार वाजवतो. त्याला वाजवायला बरं वाटावं म्हणून स्टुडिओत खुराडं बांधलं गेलं. क्वीनचा ब्रायन मे 1999 मध्ये येऊन वाजवून गेला. त्याचं वादन अल्बममध्ये शोधूनही सापडत नाही. एका ड्रमरने वाजवलेलं दुसऱ्याने कागदावर उतरवून घेतलं आणि मात्रेला मात्रा जुळवत पुन्हा वाजवलं. आपल्याकडे याला नक्कल काढणं म्हणतात. त्यासाठी तहसील कचेरीत स्टॅम्प लावून अर्ज केला की भागतं.

2003 मध्ये ‘द ऑफस्प्रिंग’ या बँडने जाहीर केलं की ‘चायनीज डेमोक्रसी’ हे नाव पडूनच आहे, तर आमच्या अल्बमला घेतो. तो विनोद निघाला. 2004 मध्ये रेकॉर्ड कंपनीचा धीर सुटला आणि तिने जुन्या गाण्यांचा संग्रह काढला. तो थांबवायला रोझ, स्लॅश आणि जुना बासवादक डफ मॅकेगन कोर्टात गेले. रोझ आणि त्याच्याशी अबोला धरलेले हे दोघे इतक्या वर्षांत एकत्र आले ते वकिलाकडे! दावा फेटाळला गेला आणि संग्रह लाखांनी खपला.

आणि सूर्य पश्चिमेला उगवला. 1993 चा अल्बम ज्या तारखेला आला, बरोबर त्याच तारखेला, 23 नोव्हेंबर 2008 रोजी, ‘चायनीज डेमोक्रसी’ अमेरिकेत आला. चौदा गाणी, पाच गिटारवादक. गाणी वाईट नाहीत, पंचाईत हीच आहे. वाईट असती तर हसून सोडून देता आलं असतं. गळा अजून तापलेल्या तारेसारखा आहे, पण त्यावर गिटारींचे आणि व्हायोलिनांचे इतके थर चढलेत की पंधरा वर्षं कुणी मसाला घालतच राहिलं आणि पातेलं उतरवायला कुणी उठलंच नाही, असं वाटतं. पहिल्या आठवड्यात 2 लाख 61 हजार प्रती खपल्या आणि अल्बमला तिसरा क्रमांक मिळाला. चीनमध्ये ‘ग्लोबल टाइम्स’ने हा आपल्या देशावर रोखलेला भाला आहे असं ठरवलं. इतक्या गांभीर्याने हा अल्बम दुसरं कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता राहिले कॅन. कंपनीने चोवीस तासांपुरती कुपनं वेबसाइटवर ठेवली. गर्दीने वेबसाइट कोलमडली. मुदत एक दिवस वाढवावी लागली. तेवढ्यावर रोझचे वकील चवताळले. बड्या वृत्तपत्रांत पानभर माफी मागा, शिवाय आमच्या अशिलाचं नाव वापरल्याचे पैसे द्या, अशी मागणी झाली. मार्चमध्ये पैज लागली तेव्हा रोझ खुशीत होता. आपला कॅन बकेटहेडसोबत वाटून घेईन, असंही म्हणाला होता. पंधरा वर्षं तारखा चुकवणाऱ्याकडून ‘तुम्ही वेळ पाळली नाही’ हे ऐकायला कंपनीचा माणूस खुर्चीत नीट बसलेला असावा, एवढीच इच्छा.

जुने सवंगडी पुन्हा एकत्र येणार का, असं 2012 मध्ये कुणीतरी विचारलं तेव्हा रोझ ‘या जन्मात नाही’ म्हणाला होता. 2016 मध्ये स्लॅश आणि डफ परतले, दौऱ्याला तेच वाक्य नाव म्हणून दिलं आणि त्या दौऱ्याने 58 कोटी डॉलरांवर गल्ला जमवला. मे 2025 मध्ये ही मंडळी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरही वाजवून गेली.

2021 मध्ये बँडने ‘ॲब्सर्ड’ हे नवं गाणं काढलं. ते 2001 मध्येच ‘सिल्कवर्म्स’ या नावाने रंगमंचावर वाजवून झालं होतं.