कुंडीचं ऑडिट

काही लोकांना चांगलं चाललेलं बघवत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले नाना त्यांतलेच. पण त्यांच्या पोटात मत्सर नाही. चांगल्यात त्यांना रस वाटत नाही, एवढंच. कुणाची जास्वंद फुलांनी वाकली तरी नाना मान वर करत नाहीत. जिना उतरताना कुणाच्या दाराशी एखादं पिवळं पान लोळताना दिसलं, की मात्र त्यांची पावलं थबकतात, चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि त्या घराची बेल वाजते.

नाना सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पतसंस्था, दूधसंस्था, गृहनिर्माण संस्था यांची दप्तरं तपासण्यात हयात गेली. अ वर्गाच्या संस्थेत चहा घेऊन उठायचं आणि ड वर्गाच्या संस्थेत मुक्काम ठोकायचा, ही अंगवळणी पडलेली रीत. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या किराण्याच्या वहीला हात घातला. काकूंनी दुसऱ्याच दिवशी ‘दप्तर उपलब्ध नाही’ असं कळवलं. तेव्हा नाना कुंड्यांकडे वळले.

त्यातही त्यांचा खास विषय स्नेक प्लांट. इतर झाडं हेळसांडीने मरतात, हे लाडाने मरतं. मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. जाड पानांत पाण्याचा साठा करून ठेवणारं, पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडणारं. म्हणजे पाण्याचा एक थेंब फुकट घालवायचा नाही, हा याचा बाणा. २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्याला सान्सेव्हिएरियातून काढून ड्रासिनात घातलं. नानांच्या वहीत दोन्ही नावं आहेत, सभासदत्व हस्तांतराच्या शेऱ्यासकट.

हे झाड आमच्या प्रत्येक मजल्यावर आहे, कारण ते कुणी विकत आणत नाही. ते भेट म्हणून येतं. वास्तुशांतीला येतं, दिवाळीत ऑफिसातून येतं, आणि येताना ‘हवा शुद्ध करतं, नासाने सांगितलंय’ हे वाक्य सोबत आणतं. हे वाक्य ऐकलं की नाना खुर्ची पुढे ओढतात. “नासाचा अहवाल १९८९ चा. प्रयोग बंद पेटीत झाला. तुम्ही पेटीत राहता का?” समोरचा नाही म्हणतो. “मग पुढचं ऐका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी असले सगळे प्रयोग पुन्हा तपासले. घरात एरवी आपोआप हवा खेळते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. तुमचा हॉल १५ चौरस मीटरचा. कमीत कमी १५० कुंड्या. सोफा कुठे ठेवता?”

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं प्रकरण नानांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात गाजलेलं. झाड आडवं झालं होतं, पानं बुडाशी मऊ पडली होती. नानांनी नेहमीचा पहिला प्रश्न टाकला, “पाणी किती?”

“आठवड्यातून एकदाच हो, तेही पेलाभर.”

“आणखी कोण घालतं?”

“कुणीच नाही.”

नानांनी घरातल्या एकेकाला वेगळं बोलावून जबाब घेतले. आजी रोज देवाच्या तांब्यातलं उरलेलं पाणी झाडाला घालत होत्या; ते मोरीत कसं ओतायचं? मुलगा शाळेतून आणलेली अर्धी बाटली तिथेच रिकामी करत होता. कामाच्या मावशी लादी पुसून झाली की ‘बिचारं सुकलंय’ म्हणून दोन ओंजळी पाणी घालत होत्या. साहेबांचा वाटा रविवारी, हौसेचा. “प्रत्येकाची नोंद किरकोळ,” नाना म्हणाले, “अपहार एकत्रित बेरजेत दिसतो.” मग त्यांनी कुंडी उचलून तळ पाहिला. चिनी मातीची देखणी कुंडी, आणि तळाला भोकच नाही. नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

एक पान धरून ओढलं, ते हातात आलं. बुडखा हुंगला. आम्हालाही हुंगायला लावला. नासलेल्या पाण्याचा वास होता. “मूळकुज. वर्ग ड.”

पुढचं काम गच्चीवर, जुन्या वर्तमानपत्रावर. इथे नानांचा हात खरोखर बघण्यासारखा असतो. माती झटकली, मुळं नळाखाली धुतली. मातीत आडवं पसरणारं जाड खोड असतं, ते बोटांनी चाचपलं. घट्ट आणि पिवळसर केशरी तो भाग ठेवायचा; तपकिरी, बुळबुळीत तो जायचा. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसायची, आणि आतून स्वच्छ रंग दिसेपर्यंत कापत जायचं. वहिनींना ते बघवेना. “अहो, काहीच उरणार नाही!” “थकबाकी आहे, वहिनी. अर्धवट वसूल केली तर पुन्हा वाढते.” कुणीतरी कापाला दालचिनीची पूड लावायला सुचवलं. नानांनी मसाला भाताला ठेवा म्हणून सांगितलं आणि बुरशीनाशकाची पुडी सोडली.

खरी परीक्षा त्यानंतर. कापलेलं झाड दोन-तीन दिवस सावलीत तसंच उघडं ठेवायचं, कापाची तोंडं सुकू द्यायची. ओल्या जखमेनिशी मातीत गेलं की पुन्हा सडतं. पण वर्तमानपत्रावर निपचित पडलेलं ते झाड पाहून आजींना रात्री झोप लागेना. पहाटे उठून त्यांनी त्याच्यावर ओलं फडकं पांघरलं. सकाळी नाना आले, फडकं पाहिलं, आणि नोकरीच्या काळातला ठेवणीतला उद्गार काढला, “संगनमत!”

कुंडी साधी, मातीची आली, तळाला भोक असलेली, मुळांपेक्षा जेमतेम बोटभर मोठी. वहिनींना मोठी हवी होती. “गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, कुंडी नाही,” नाना म्हणाले. मूठभर मुळं आणि घमेलंभर माती असली, की ती माती ओलीच राहते आणि पुन्हा पहिला पाढा. मातीत निम्म्याहून जास्त जाडी रेती आणि विटांचा चुरा, थोडं कोकोपीट. आणि पहिला आठवडा पाण्याचा थेंब नाही.

त्यापुढचं पाणी हा नानांचा खरा शोध. ‘माती पूर्ण वाळली की घाला’ म्हटलं, तर जो तो आपल्या डोळ्यांनी वाळवतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हटलं, तर मोजदाद कुणीच ठेवत नाही. म्हणून नानांनी पाण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयला जोडून दिली: उन्हाळ्यात एकादशीला, पावसाळ्यात आणि थंडीत फक्त संकष्टीला. एरवी झाडाचा कडक उपास. ही योजना आजींना एकदम पटली. उपास मोडायला लावणं हे पाप आहे, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी मावशींचे आणि नातवाचे हात जागच्या जागी रोखले. फक्त आषाढीला पेच पडला. पावसाळा, म्हणजे नियमाने संकष्टीच; पण एवढी मोठी एकादशी कोरडी कशी जाऊ द्यायची? आजींनी पानांवर तुळशीने दोन थेंब शिंपडले. नानांनी अहवालात ‘किरकोळ दोष’ लिहून विषय मिटवला.

आता दुसरी बाजू. ‘हात लावू नका’ हा सल्ला नाना सगळ्यांना देतात, आणि त्या झाडाला दिवसातून दोनदा हात लावतात. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतात, पान हलवून मूळ धरलंय का पाहतात. काकूंनी एकदा सर्वांसमक्ष विचारलं, “अहो, रोज उपटून पाहिल्यावर ते धरणार कधी?” नाना म्हणाले, त्याला अंतर्गत तपासणी म्हणतात.

त्यांची एकच केस अजून वादात आहे. तळमजल्यावरच्या एका बाईंचं पिवळ्या किनारीचं भलंमोठं झाड मुळासकट गेलं. पानं तेवढी शाबूत होती. नानांनी पानांचे वीतभर तुकडे केले. तुकडा वाढीच्या दिशेनेच लावावा लागतो, उलटा लावला तर मुळं धरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या खालच्या कडेला खाच केली. महिन्यांमागून महिने गेले, पिल्लं फुटली, आणि सगळी सरसकट हिरवी निघाली. किनारीचा पत्ता नाही. “हे माझं झाड नव्हे,” बाई म्हणाल्या. नानांनी पेशी काढून समजावलं: कडेच्या पेशी वेगळ्या, आतल्या वेगळ्या, तुकड्यातून पिल्लू येतं ते आतल्या हिरव्यांतून, किनार हवी तर मुळासकट फोड करायला हवी. बाईंचं म्हणणं एकच, आपण जरीकाठी दिलं होतं. त्या दोघांत अजून बोलणं नाही.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मीटररूमच्या बाहेरचं झाड. रंगाच्या जुन्या बादलीत कुणी लावलं, कुणाला ठाऊक नाही. पाणी कुणी घालत नाही, वॉचमन त्याला सायकल टेकवतो, आणि ते कमरेएवढं माजलंय. नाना त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहत. “ना दप्तर, ना कार्यकारिणी, आणि वर्ग अ. हे शक्य नाही.” एक दिवस आतल्या मुळांनी बादली फोडली. नाना धावले! गच्चीवर नेऊन खोडाच्या फोडी केल्या आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत घरटी एक पिल्लू वाटलं, प्रत्येकाला छापील सूचनांसह. काकू शेजारणीला म्हणाल्या, “पुढच्या वर्षीच्या कामाची सोय झाली.”

सगळ्यात जाडजूड पिल्लू त्यांनी वॉचमनला दिलं, सूचनांशिवाय. कारण विचारलं तर म्हणाले, “त्याला वेळ कुठे असतो!” सगळ्यात मरतुकडं स्वतःकडे ठेवलं. काकूंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ती कुंडी कल्याणला आपल्या बहिणीकडे पोचती केली. तिथे ती उत्तम आहे. नाना दर एकादशीला फोन करून तिचं वजन विचारतात.