घरगुती प्रगणना

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्याच्या जंगलात मचाणावर बसायला मिळणं ही आम्हा चंद्रपूरकरांची मिरवायची गोष्ट. हातात एक तक्ता असतो: वेळ, प्राणी, संख्या, कुठल्या दिशेनं आला, कुठं गेला. खाली पाणवठा, वर टिपूर चांदणं आणि फोनला रेंज नाही. रानडुकरं आली, लिहिली. सांबर आलं, लिहिलं. वाघ आलाच नाही, तेही शेऱ्यात लिहिलं. वेळेचा इतका चोख हिशेब मी ऑफिसातही कधी दिलेला नाही.

मग वाटलं, घरी संगणकापुढे बसणाऱ्या प्राण्याचीही गणना व्हायला हवी. तशी सोय आहे म्हणा. किती वेळ स्क्रीनवर गेला हे सांगायची युक्ती गूगल आणि ॲपल दोघांनीही 2018 साली फोनमध्ये आणली. त्याच वर्षी डिसेंबरपासून ताडोब्याच्या सफारीत मोबाइलवर बंदी आली. एकानं घड्याळ दिलं, दुसऱ्यानं फोनच काढून घेतला. माणूस वनखात्याला जास्त कळतो, असं माझं मत आहे. आणि 2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल नको म्हटलं, तेव्हा मत अगदीच वाया गेलेलं नाही. मोहर्लीच्या गेटवर फोन ठेवून आलेली मंडळी जिप्सीत बसल्या बसल्या रिकामा खिसा चाचपत असतात. समोरून वाघीण गेली तरी एक हात खिशावरच.

फोन नुसते तास सांगतो. प्राणी आला कुठून आणि भरकटला कुठं, ते नाही. म्हणून मी मचाणाचाच तक्ता टेबलावर ठेवला. त्यातली एक सकाळ:

10.20, आगमन, विजेचं बिल भरायला. 10.22, ओटीपी येईपर्यंत बातम्यांकडे. 10.31, ‘हेही वाचा’च्या पायवाटेनं एका नटीच्या घटस्फोटाकडे. 10.50, जुन्या ॲम्बॅसिडर गाड्यांच्या किमती. 11.25, मंगळावर पाणी आहे काय. शेरा: ओटीपी मेला, बिल तसंच.

ब्रह्मपुरीकडचा एक तरुण वाघ 2023 साली राज्यांमागून राज्यं ओलांडत ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात निघाला. पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. दोनेक हजार किलोमीटर चालला म्हणतात. पण त्याला स्वतःची हद्द शोधायची होती. मला ॲम्बॅसिडर घ्यायची नव्हती.

पुढं मात्र नवल घडलं. तक्ता रिकामा राहू लागला. बिलं वेळेवर जाऊ लागली, मी ऑफिसात चारचौघांना तक्त्याचे नमुने वाटले, एका साहेबांनी तर झेरॉक्स मागितली. आता ताडोब्यात जागा पुरेनाशी झाली की वाघ बाहेर सरकतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आमच्या घरात बाहेर म्हणजे स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चार्जिंगला लावलेला बायकोचा मोबाइल.

परवा ती तोच हातात घेऊन टेबलाशी आली.

“अहो, माझ्या मोबाइलात हे शंकरपटाचे व्हिडिओ कुठून येऊन राहिले?”

मी म्हटलं, आपोआप येतात ते, कंपनीच पाठवते.

तिनं तक्ता उचलला, खालीवर पाहिला. “अन् ह्याच्यात माझ्या मोबाइलचा रकाना काहून नाही जी?”