चौकातल्या कॅमेरासाहेबांना खुले पत्र

माननीय कॅमेरासाहेब,
मुक्काम पोस्ट खांब.

स. न. वि. वि.

औषधाच्या दुकानातून मी खाकी पाकिटात काय नेतो, हे घरच्यांपेक्षा आपल्यालाच जास्त ठाऊक. तक्रार नाही. २६/११ नंतर निविदांचे फेरे होता होता मुंबईत साडेचार हजारांवर कॅमेरे बसायला २०१६ उजाडलं. आपली वाट आम्हीच पाहिली. सोनसाखळी चोर आपल्यामुळे सापडतात, वाट चुकलेले आजोबा घरी परततात. मान्य.

फक्त आपली नजर जरा माणूस बघून चालते. स्कूटरवरून कोण कुणाच्या मागे बसून गेलं, ते बरोब्बर दिसतं (आणि ती क्लिप संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कशी येते, देव जाणे). पण दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स थेट आपल्या तोंडावर चढला, तेव्हा तो उतरेपर्यंत आपण त्याची पांढरी पाठ बघत बसलात. पाकीटमारांनीही दादांना शुभेच्छा दिल्या असतील.

पोलीस ठाण्यातले आपले भाऊबंद तर फारच नाजूक प्रकृतीचे. प्रत्येक ठाण्यात, अगदी लॉकअपमध्येसुद्धा कॅमेरा हवाच, फुटेज किमान वर्षभर टिकलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये बजावलं. २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून त्याच न्यायालयाला स्वतःहून पुन्हा विचारावं लागलं, की बाबांनो, ते चालू आहेत का? ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?’ हा आपल्या वतीनं आम्हाला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. तो एकदा त्या ठाण्यांत विचारून बघा.

२०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. वैयक्तिक डेटा जपण्यासाठीच्या २०२३ च्या कायद्यानं मात्र सरकारला हव्या त्या स्वतःच्या यंत्रणा अधिसूचना काढून नियमांतून वगळण्याची मुभा दिली. दाराला कडी बसली, पण बाहेरून.

एकच मागणं. आमच्या गेटवर दूधवाल्यालासुद्धा वहीत नाव, वेळ आणि काम लिहावं लागतं. आपलं फुटेज कुणी, कधी, कशासाठी पाहिलं, याचीही तशीच वही ठेवा, आणि आम्ही मागितली की दाखवा. गुन्ह्याशी संबंध नसलेलं आमचं येणं-जाणं महिन्याभरात पुसून टाका. ठाण्यातलं मात्र तेवढं राहू द्या.

कळावे,
आपल्या सदैव नजरेतला,
एक पादचारी