रस्ता कुणी अडवला?

भुईमूग पिकवण्यात सुदानचा नंबर जगात फार वरचा. त्याच सुदानच्या एल फाशेर शहरात २०२५ मध्ये आया लेकरांना पेंड भरवत होत्या. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती. आपल्याकडे गोठ्यात जाते ती.

पाऊस पडला नाही म्हणून? नाही. शहराची नाकेबंदी झाली म्हणून.

एप्रिल २०२३ मध्ये देशाचं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल सत्तेसाठी एकमेकांवर तुटून पडली. मे २०२४ मध्ये आरएसएफने एल फाशेरला वेढा घातला. पुढे शहराभोवती मातीचे बांध घातले. माणसं आणि धान्य अडवायला.

जून २०२४ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव केला : वेढा उठवा. वेढा त्यानंतरही सोळा महिने चालला.

शेजारच्या विस्थापितांच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने दुष्काळावर शिक्कामोर्तब केलं. हा शिक्का सहजी बसत नाही. शंभरातली किमान तीस मुलं तीव्र कुपोषित असावी लागतात. सुदान सरकारने काय केलं? डिसेंबरात भुकेच्या त्या मोजणीतूनच अंग काढून घेतलं.

मोजणी थांबली की भूक थांबते?

मूल किती खंगलंय हे कळायला एक पट्टी पुरते. दंडाभोवती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की लाल रंग. मेळघाटातल्या अंगणवाडीताईला विचारा, ती डोळे मिटून सांगेल.

औषधही ठाऊक आहे. ९२ ग्रॅमची पुडी : वाटलेले शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. शिजवायला नको, पाणी घालायला नको. कोपरा फाडायचा, मूल चोखून खातं. काही आठवड्यांत बहुतेक मुलं सावरतात.

म्हणजे शेंगदाण्याच्या देशात शेंगदाण्यानेच वाचणारी मुलं दगावली.

पुड्या निघाल्याच नव्हत्या? निघाल्या होत्या. जून २०२५ मध्ये अन्न आणि पोषण आहार घेऊन संयुक्त राष्ट्रांचे पंधरा ट्रक पोर्ट सुदानहून अठराशे किलोमीटर आले. एल फाशेर ऐंशी किलोमीटरवर राहिलं. पुढे जाऊ देण्याची बोलणी चालू असतानाच ताफ्यावर हल्ला झाला. पाच माणसं गेली, ट्रक जळाले. दोन्ही सैन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

ऑक्टोबरात शहर आरएसएफच्या हाती पडलं आणि कत्तल सुरू झाली.

तेव्हा ‘आफ्रिकेत काय, दुष्काळ असतोच’ असं पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तर त्याला तिथेच थांबवा. रस्ता कुणी अडवला होता, एवढं विचारा.